दोन भोकं खाली

गुडघा माझ्याशी पहिल्यांदा बोलला
ठाणे कोर्टाच्या जिन्यावर,
निवृत्तीच्या आदल्या महिन्यात.
मी लक्ष दिलं नाही. एकतीस वर्षं
फक्त इतरांचं बोलणं टंकून घेतलं होतं.

दुसऱ्यांदा बोलला तो खारीकच्या पाठीवर,
गायमुखच्या तबेल्यात,
खाडीच्या ओहोटीचा चिखल नाकात
आणि कुंपणावर पोरं ओळीनं बसलेली,
अठ्ठावन्नाव्या वर्षी घोडा शिकणारी बाई बघायला.
उतरले तेव्हा डावा पाय
माझा नव्हताच.

डॉक्टर कामेरकर म्हणाले, बंद करा.
मुलगी म्हणाली, त्यापेक्षा पोहायला जा.
काळूराम मोतद्दार काही म्हणाला नाही.
त्यानं घोडीचा तंग सैल केला
आणि बघितलं ते माझ्याकडे नाही, रिकिबीकडे.
"ही वरातीची हाय. नवरदेव तासभर बसतो,
त्याला चालते."
पितळी, नक्षीची, तळ बोटाएवढा.
चवड्याखाली नुसती एक रेघ;
सगळा भार त्या रेघेवरून घोट्यात,
घोट्यातून वर.
वर कुठे, ते मला ठाऊक होतं.

मग सुरू झाली खोगीरभरती.
रुंद तळाची जोडी आणली, ॲल्युमिनिअमची,
वर रबर, माशाच्या खवल्यांसारखं.
बरं वाटलं. बुधवारपर्यंत.
भाचीनं पुण्याहून बिजागरीवाली पाठवली,
पावलागणिक लवणारी;
ती इतकी लवायची की दुडक्या चालीत
मी जणू कुणाच्याही म्हणण्याला
हो हो करत चालले होते.
रुंद तळाचीच ठेवली.
बिजागरी दारांना शोभते.

पण वादी पिळतच होती.
रिकीब लटकते घोडीच्या कुशीला समांतर,
पावलासाठी तिला वळवावं लागतं,
ती परत आपल्या जागी जायला बघते,
आणि या ओढाताणीत
मधल्या मध्ये गुडघा.

जांभळी नाक्याच्या मागे अनंता जीनगर
शाळेच्या दप्तरांना चेन बसवतो.
जीन आडनावात उरलं, दुकानात नाही.
वाद्या दिल्या तर आधी वास घेतला त्यानं,
मग दोन्ही एका खिळ्याला टांगल्या.

डावी लांब.

"सगळे डावीकडनंच चढतात ना, बाई.
चामडं किती सोसणार?"
मी पट्टी लावली, माझी ऑफिसातली लाकडी:
पाऊण इंच.
वर्षभर मी उतारावर बसले होते
आणि आरोप हाडांवर.

दर महिन्याला डावी-उजवी बदला, म्हणाला.
चढायला कट्टा घ्या, लाज कसली.
आणि वाद्या ओल्या करून, पीळ देऊन
दोन्ही रिकिबींतून रात्रभर
झाडूचा दांडा आरपार घाला.
रात्री मी तबेल्यातला खराटाच घातला.
सकाळी काळूराम तणतणत होता,
लीद तशीच पडून.

दोन भोकं खाली मात्र माझी मीच घेतली.
आखूड रिकिबीत रुबाब असतो म्हणे.
असेल. मला पाय हवा होता.

आता गुडघा गप्प नाही, पण
उतरताना एखादाच शब्द बोलतो,
मी ऐकून घेते. टंकत नाही.

काल कट्ट्यावर बसून
काळूराम स्वतःचा गुडघा चोळत होता.
चाळीस वर्षं वरातींत घोडीच्या शेजारी,
डांबरावरून, बँडच्या मागे.
"आमाला कुठली रिकीब?" तो हसला.
घोडबंदर रोडवर ट्रक अडकून हॉर्न देत होते.
मी म्हटलं, चढ.
नको नको म्हणत चढला, उजवीकडून,
आणि आयाळ घट्ट धरली, नवशिक्यासारखी.
लगाम माझ्या हातात.
त्याच्यासाठी वादी तीन भोकं वर घ्यावी लागली.
टाच खाली, मी म्हटलं.
तो म्हणाला, बाई, हळू चाला.