सोनार

नौदलातून पहिलं पत्र आलं
तेव्हा गल्लीनं वाचलं ते असं:
वडनालांचा मल्लेशम सोनार झाला.
सात पिढ्या सूत, आणि आता म्हणे सोनं!
येमुलकाकू तर विचारून गेल्या,
नातीचे कान टोचायचेत, सुट्टीवर कधी येणार?

कानाचंच काम होतं तसं.
कडक भाकरी मोडता मोडता नान्ना सांगायचे:
विमानवाहू जहाज म्हणजे, बघ,
सिद्धेश्वर तलावात सोडलं तर वळायला जागा नाही.
वर धावपट्टी, पोटात गिरणीभर माणसं.
आणि ते लपत नाही.
गड्ड्यातला पाळणा कुठं लपतंय का बे?

म्हणून ते एकटं निघत नाही.
पार पुढं हेलिकॉप्टर, रडार लोंबकळवत.
मग विनाशिका, त्यांच्या पोटात
क्षेपणास्त्रं उभी, बॉबिनसारखी.
त्यातूनही एखादं शत्रूचं आत घुसलंच
तर हवेत चंदेरी तंतू उधळायचे,
म्हणजे त्याला एका जहाजाची दहा दिसतात.
"जर की ती," राजमोगली ताता म्हणाले,
"किती वाया घालवताव रे?"
आणि अगदी शेवटी ती तोफ,
मिनिटाला हजारो गोळ्या.
तिचा आवाज नान्नांना कधी सोसला नाही.
मांजरपाट टराटरा फाडल्यासारखा.
विणणाऱ्याच्या घरात तो आवाज करत नाहीत.

त्यांची जागा या सगळ्याखाली होती, दुसऱ्या एका जहाजावर,
हिरव्या पडद्यासमोर, कानाला हेडफोन.
वरचं ऊन पाणी गार पाण्यावर झाकण घालतं,
आवाज तिथं वाकतो,
आणि पाणबुडी नेमकी त्या झाकणाखालून येते.
कोळंबीची कडकड, मच्छीमारांची इंजिनं,
आपल्याच पंख्याची घरघर.
यात ओळखायची कशी?

ताता चाळीस मागांच्या खडखडाटात
धागा तुटला की मान वळवायचे.
तुटल्याचा आवाज येतच नाही, नान्ना म्हणायचे,
एक जागा गप्प होते. ती ऐकायची.
पाणबुडी पण तसलीच.
आवाजाला पडलेलं भोक.

एका सरावात, पहाटे तीनला,
त्यांनी ते भोक अकरा सेकंद ऐकलं.
नोंद केली. वरून उत्तर आलं, देवमासा असेल.
सकाळी फोटो आला,
पाण्याखालून, काचेतून काढलेला,
आख्खं विमानवाहू जहाज, चौकटीत, मधोमध.
कागदावर जहाज बुडालं.
मग सगळ्या बुडालेल्या माणसांनी
नाश्त्याला उप्पीट खाल्लं.
नान्ना म्हणतात, मीठ कमी होतं.

परवा बोगमांच्या लग्नात
हॉलवर ड्रोन फिरत होता, नवरीवर पाकळ्या टाकत.
नान्ना जेवायचे थांबले.
कितीला हे?
पस्तीस हजार, काका.
त्यांनी पत्रावळीवर बोटानं हिशेब केला.
हे पाडायला क्षेपणास्त्र लागलं तर किती कोटी,
आणि असली शंभर एकदम आली तर?
मोजताना आमटी पसरली.
"मोठ्या शत्रूची तयारी केली होती," एवढंच म्हणाले,
आणि मला कळेना
ते समुद्राचं बोलताहेत
की आमच्या मागांचं, जे भंगारवाल्यानं
किलोवर नेले, बाजारात
पातळ, स्वस्त चादरी आल्या त्या वर्षी.

आता गल्लीत एकच माग उरलाय, चिलवेरींचा.
रात्री साडेअकराला तो बंद पडतो.
त्याच क्षणी, झोपेत,
नान्नांची मान वळते.
मी उठून बसते, श्वास धरते,
ती गप्प जागा शोधते.
मला पंखा ऐकू येतो. फक्त पंखा.