चार-एकोणीस

सातच ओळी आहेत.
वर, नव्या कर्नलात, कुणीतरी गेल्या मंगळवारी लिहिल्या.
आधी कुलूप लाव, मग मोज.
एवढंच त्यांचं म्हणणं.
मला त्या पाच-दहात न्यायच्यात,
मग पाच-चारात,
मग चार-एकोणीसात, जिथं आता
माझ्यासारखं कुणी चुकूनच जातं.

पाच-दहात बसल्या, नऊ ओळी खाली सरकून.
पाच-चारात नाही.
तिथं फंक्शनचं नाव निराळं,
आणि ज्या कुलपावर सगळी भिस्त
ते कुलूप अजून घडवलेलंच नव्हतं.
ते आणावं तर त्याच्या मागून दुसरी दुरुस्ती,
तिच्या मागून तिसरी,
लग्नाला एकीला बोलवावं
आणि सगळं बिऱ्हाड फेरीतून उतरावं तसं.

नियम साधे आहेत. शंभर ओळींच्या आत.
नवं काही नाही. सुबक करणं नाही.
खरोखर मोडतं तेवढंच.

दिवाडीच्या बांदावर कायतान दुपारी
मानशीचं दार बसवत होता.
फळी दोन बोटं रुंद निघाली.
मी म्हटलं, चौकट थोडी खरवड की.
त्यानं रंधा उचलला, माझ्याकडे न बघता म्हणाला,
"फळी तासची, बाय. चौकट न्हय."
मग भरतीकडे हनुवटी करून,
"उदक विचारिना, दार नवें काय पोरनें."

मी त्याला माझं काम सांगू पाहिलं.
"मग सगळे नवंच का घालत नाहीत?"
मला म्हापशाच्या लॅबमधलं रक्त मोजणारं यंत्र आठवलं,
वास्कोला नांगरलेल्या बार्जमधला धुळकट डबा.
कुणीतरी एकदा तपासून सही केलीय.
चालतंय ना, मग हात लावू नका, म्हणतात,
आणि त्यांचं चुकत नाही.

रात्री पाच-चारात जुनं, मोठं, अवजड कुलूपच वापरलं.
सातातल्या तीन ओळी उरल्या.

चार-एकोणीस उघडलं तेव्हा दोन वाजले होते.
वाचत गेले. परत वाचलं.
इथं बोलावणाराच कुलूप लावून येतो,
मोजणं त्याच्या आत,
चूक इथं नाहीच.
ती नंतर आली, कुणीतरी हे नीटनेटकं केलं तेव्हा.
माझ्या सात ओळी घातल्या असत्या तर
त्याच कुलपापाशी दुसऱ्यांदा हात,
आणि रक्त मोजणारं यंत्र
स्वतःचीच वाट बघत थिजलं असतं,
पुढच्या माणसाची बाटली हातात धरून.

वर एक जुनी टीप आहे, 'रिसीव्ह'चं स्पेलिंग चुकलेली.
बोट कळपाटीवर गेलं.
मागे घेतलं.

पाच-दहा: बसलं.
पाच-चार: बसलं, हाताने तासून.
चार-एकोणीस: गरज नाही.

मूळ लिहिणाऱ्याचं नाव तसंच वर ठेवलं,
खाली माझं, सुमेधा कुंकळ्येकार,
आणि खिडकी लावायला उठले.
मानशीचं दार
मिटल्याचा आवाज आला, किंवा
मला तसं वाटलं.