दोर

पास्टर एलियाझर खंडारेंना पोहता येत नव्हतं.
हे आधी सांगतो,
कारण शोकसभेत कुणीच सांगितलं नाही.

बाप्तिस्मा म्हणजे त्यांच्या मंडळीत
कपाळावर शिंपडलेले चार थेंब नव्हेत.
अख्खा माणूस बुडवायचा, अख्खा वर काढायचा.
आणि सिपनेचा डोह कमरेपासून एका पावलात पुरुषभर.
म्हणून सर स्वतःच्या कमरेला दोर बांधत.
दुसरं टोक काठावरच्या अर्जुनाला एक वेढा देऊन
माझ्या हातात.
मी सातवीतला, गवळ्याचा पोरगा,
मंडळीतला नव्हतो, पण ताकद होती अंगात.
"सोडू नको बे, सुकलाल.
देवावर भरोसा हाय माहा, पाण्यावर नाई."

रविवारी ज्या फळ्यावर गीतांचे नंबर,
सोमवारी त्याच नंबरांचा गुणाकार.
फळ्याच्या डावीकडे आमच्या वर्गातल्या कोरकू पोरांचे शब्द,
उजवीकडे पुस्तकातले.
डा : पाणी.
कुला : वाघ.
उजवीकडचं चुकलं तर छडी नाही,
डावीकडचं विसरलं तर मात्र
दोनदा म्हणायला लावत, मोठ्यानं.

चैतात मोहफुलं वेचायला पोरं पहाटेच रानात.
शाळा रिकामी. मग सरच कंदील घेऊन झाडाखाली,
हजेरीवही काखेत.
टोपल्यांत फुलं मोजून बेरीज, हातचा.
रात्री ती फुलं भट्टीवर जायची
आणि रविवारी दारूवर दीड तास प्रवचन.
आम्ही हसायचो. त्यांनाही कळत असावं.

एकदा अमरावतीहून जीप आली.
साहेबांनी विचारलं, एकेचाळीस वर्षांत किती?
बाप्तिस्म्याच्या वहीत तेवीस नावं.
सरांनी दुसरी वही पुढे सरकवली,
हजेरीची, जाडजूड, वाळवीनं कोपरा खाल्लेली.
साहेबांनी ती उघडली नाही.
सरांनी बिनदुधाचा चहा दिला,
छपरासाठी सहा पत्रे मिळतील का म्हणाले.
पत्रे आले नाहीत.
पुढच्या महिन्यापासून भत्ता अर्धा आला.

आता ती रात्र. सांगायची नव्हती.
पलीकडच्या ढाण्यात फुलय मावसकर, तिसरीतली,
तापानं फणफणलेली.
निरोप्या काठावरून ओरडून गेला.
सरांच्या खिशात गोळ्या होत्या, मधे पूर.
त्यांनी दोर बांधला, छातीभर गेले,
मी ओढून घेतलं. पुन्हा गेले, पुन्हा ओढलं.
तिसऱ्यांदा मी दोर झाडालाच गाठ मारून ठेवला
आणि त्यांच्याकडे बघितलं नाही.
उजाडेपर्यंत ते गुडघाभर पाण्यात उभे.
प्रार्थना करत होते की शिव्या देत होते,
पुराच्या आवाजात ऐकू आलं नाही.

त्या रविवारी प्रवचन झालं नाही.
वहीत फुलयचं नाव खोडलं नाही त्यांनी,
एप्रिलपर्यंत रोज पुकारलं,
थोडं थांबले,
आणि गैरहजर लिहिलं.

त्या उन्हाळ्यात, बावन्नाव्या वर्षी,
मला म्हणाले, पोहायला शिकव.
म्हशी बसतात त्या उथळ पाण्यात
मी त्यांच्या पोटाखाली हात धरला.
पाय मारायचे, नाकातोंडात पाणी, खोकायचे,
चष्मा काढला की चेहरा अनोळखी व्हायचा.
नाही जमलं.
दोन भोपळे बांधून दिले, तरी नाही.

पुढे मी झेडपीत मास्तर झालो, निवृत्तही झालो.
फळा अजूनही दोन भागांत आखतो, सवयीनं,
नातवाच्या पाटीवरसुद्धा.

परवा साग्याच्या पेटीत सर.
चार कोपऱ्यांना चार माणसं,
एका दोराला मी. कुणी विचारलं नाही
हा मंडळीतला का म्हणून.
माती लाल, ओली, खड्डा पुरुषभर.
तिघांचे दोर सैल झाले,
पेटी माझ्या बाजूनं तिरकी अडली.
तळहात सोलत होता.
मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं,
मास्तर,
सोडा आता.