उसनी लाट

सारेमा बेटावर रात्री आठला टीव्हीवर गाणी लागतात.
मी विणकाम घेऊन बसते, आणि नेमका तेव्हाच
हिलार शिडी लावून छपरावर चढतो.

तिथं दोन अँटेना. एकीचं तोंड मनोऱ्याकडे,
गाणं जसंच्या तसं ऐकायला.
दुसरी पाठ फिरवून समुद्राकडे :
तेच गाणं कशाकशावर आपटून
जरा उशिरा, जरा बेसूर होऊन परततं, ते टिपायला.
बेसूर झालं म्हणजे काहीतरी हललं,
एवढंच त्याचं शास्त्र.
येणाऱ्याचा सूर चढतो, जाणाऱ्याचा उतरतो,
केसभर.

तरुणपणी सोव्हिएत फौजेत तो खऱ्या रडारवर होता.
आभाळाला दरडावून विचारायचा : कोण आहे तिकडे?
आता विचारत नाही. नुसता कान देतो.
हाक एकाची, ओ दुसऱ्याची, ऐकणारा तिसराच.
मी म्हणते, हे काम या गावात
आजवर पोस्टातली व्हेल्लो फुकटात करत आली.

आधी तो माझं गाणं वजा करतो.
मग चर्च, दीपगृह, धान्याची कोठी,
जे जे जागचं हलत नाही ते एका उभ्या रेघेत गोळा होतं
आणि तो रेघच पुसून टाकतो.
उरतं रीगाचं विमान,
मुहूची फेरीबोट,
एप्रिलात रानहंस, तांदूळ सांडल्यासारखे.

घरातल्या वायफायवरही त्याचा हाच खेळ.
मी विचारलं, यात मी दिसते का?
"उठलीस तर."
उठले. कॉफी ठेवून आले.
पडद्यावर त्यानं एका पुसट दाण्यावर बोट ठेवलं होतं :
"ही तू. डावा गुडघा अजून दुखतो ना?"
हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

काल मनोरा दुरुस्तीला बंद.
गाणी नाहीत, पडदाही कोरा.
"आज उसनं द्यायला कोणी नाही," म्हणाला,
आणि वायरी गुंडाळत बसला, उगाच.

तेवढ्यात हंस आले. धुराड्याला घासून,
कलकलाट करत, कुणाचं काही न घेता.
आम्ही स्वेटर न घालताच अंगणात.
तो मोठ्यानं मोजू लागला, साठाच्या पुढं चुकला,
पुन्हा एकपासून.
मी त्याची बाही धरून उभी.
जराही हलले नाही.