आवाज सुरू करायचं बटण

दोंडाईच्याच्या प्रशिक्षणाला प्लग एकच,
तोही भदाणे साहेबांच्या खुर्चीमागं.
अडतीस शिक्षक, अडतीस मोबाईल,
पैकी अकरांचा लॉक फक्त त्यांच्या मुलांना ठाऊक.
मी मानधनावरचा. मानधन चार महिने थकलेलं.
हजेरीपटावर माझं नाव नाही,
नुसतं 'तंत्रस्नेही'.

पहिल्या दिवशी सांगितलं :
हा वर्ग. ही लिंक.
लिंक मुलांच्या ग्रुपवर टाकायची, घरच्या नाही.
दुपारी देवरे सरांची सातवीची भूमिती
साडूकडच्या साखरपुड्याच्या ग्रुपवर गेली,
तीन पाहुणे वर्गात येऊन बसले.
एकानं गृहपाठही केला. कोन चुकला त्याचा.

बडगुजर बाई मागच्या बाकावर.
निवृत्तीला चौदा महिने.
दोनशे पानी वहीत बटणं काढून घेत होत्या :
माईक – भरताचं वांगं, देठासकट.
कॅमेरा – टपालपेटी, आडवी पडलेली.
वर केलेला हात – आपल्यासारखाच, पण पिवळा.

तिसऱ्या दिवशी सरावाचा पाठ. त्यांची चौथी.
चाळीस मिनिटं बाई तापी सांगत होत्या,
हात उगवतीकडून मावळतीला नेत,
मध्ये पांझरा मिळते तिथं डाव्या हाताची बोटं
उजव्या तळव्यात सोडत.
वांग्यावर तिरपी रेघ होती सगळा वेळ.
एक पोरगं उठून गेलं नाही.
शेवटी खाली अक्षरं उमटली :
'बाई तुमना आवाज येत नही. पन समजनं.'

बाई हसल्या नाहीत.
चष्मा पुसला, म्हणाल्या, मुलं का गप्प आहेत?

मी अभिमानानं दाखवलं :
हे बटण, एकदा दाबलं की सगळे म्यूट.
देवरे सर म्हणाले, बत्तीस वर्षं हेच शोधत होतो रे भाऊ.
खोली हसली. साहेबही.
बाईंनी विचारलं, आणि ह्याच्या उलटं?
सगळ्यांचा आवाज सुरू करायचं?

ते नसतं बाई.
ते ज्याचं त्यानं करायचं.
आपण फक्त विचारू शकतो.

मग विचारते, म्हणाल्या,
आणि पटावरच्या क्रमानं एकेकाला विचारू लागल्या.

पिठाची गिरणी आली आधी. मग शेळी.
मग कुणाच्या तरी काकाची शिवी, अर्धी.
बोअरची मोटर. कुकरची तिसरी शिट्टी.
एका घरात इतकं शांत की भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं.
मग एक शिंक. दुसरी. सलग पाच.
'अंजना, पथारीवर आहेस ना?'
'हा बाई. मायना फोन शे. माय मिरच्या खुडी राहिनी.'
'नाकाला ओढणी बांध. आणि पाढा म्हण, बाराचा.'
तिनं म्हटला. बारा सक बाहत्तरला शिंकली.
इकडं आमच्यातल्याही दोघांचं नाक हुळहुळलं.

तिसातल्या एका गोलानं काही केलं नाही.
निळा गोल, आत नुसतं 'गो'.
गोकुळ? गोकुळ मालचे?
दोन मिनिटांनी तो गोलही गेला.
बाईंनी वहीत लिहिलं, तारखेसकट :
गोकुळ – विचारलं. उद्या परत विचारणे.

माझ्या अहवालात रकाने तीन :
उपस्थित, प्रशिक्षित, अडचणी.
तिसऱ्यात मी 'नेटवर्क' लिहिलं.
सगळेच लिहितात.

चौथ्या दिवशी बाई अकराला आल्या,
चपलांवर नदीकाठची पांढरी माती.
वही होती, पेन होतं, मोबाईल नव्हता.

हरवला?
नाही रे. गोकुळकडं ठेवून आले.
त्यांच्या घरातला एकच फोन
बाप ऊसतोडीला घेऊन गेलाय.
काल शेजाऱ्यानं पाच मिनिटं दिला होता.

मग तुम्ही शिकवणार कशावर?

बाईंनी हात पुढं केला.
तळहातावर खडूचं जुनं कोरडेपण.
'तुझा आण. चार्जिंग किती आहे?'

बावीस टक्के.

'पुरेल,' म्हणाल्या,
आणि साहेबांना खुर्ची सरकवायला लावली.
'नदी परत सांगायचीय.
वांगं उघडं आहे का ते बघ आधी.'