कडी

सहाव्या खंडाच्या पान सातशे बारावर
तांबोरीनं सातव्या दाराच्या कडीला हात लावला
आणि तिथंच पुस्तक संपलं.
त्याला आता अकरा वर्षं झाली.

समोर दार, मागे करड्या राजाचे कुत्रे,
चहूकडून मिठाचं वादळ,
आणि हात लोखंडावर.
मधल्या काळात माझं लग्न झालं, बदली टळली,
गुडघ्याचं ऑपरेशन झालं.
तिचा हात अजून अवघडलेला नाही.

मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, नोटांच्या तपासणीला.
छापणं म्हणजे काय ते मला कळतं:
शाई, दाब, वाळणं, कापणं, मोजणं.
एका पुस्तकाला अकरा वर्षं लागतात
असं मला कुणी सांगू नये.
(लागतात. ते छापणं नसतं, एवढंच.)

दर दुसऱ्या रविवारी आम्ही जमतो
मेनरोडला, दोंदेंच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर,
वह्यांच्या गठ्ठ्यांवर बसून.
फिरदौस पिंजारी, जिला मीठवाटांचा सगळा नकाशा पाठ
आणि इंदिरानगरच्या बोगद्यापाशी जी हमखास चुकते.
गायधनी सर, ज्यांच्या मते राजा हाच तांबोरीचा बाप.
निनाद बेंडकुळे, सहावा खंड आला तेव्हा तिसरीत होता,
आता आमच्या चुका काढतो.
चहा खालून येतो, भांडणं वरच होतात.
दुकान चालतं गाइडांवर, दोंदे म्हणतात,
पण गल्ल्यामागच्या फळीवर सहा खंडांशेजारी
त्यांनी चार बोटं जागा सोडलीय.
तिथं स्टेपलरसुद्धा ठेवू देत नाहीत.

आणि तो याच गावात राहतो, लिहिणारा.
गंगापूर रोडला. बिल्डिंग माहीत आहे, मजला माहीत आहे.
मेथीची जुडी उलटी करून मुळं बघूनच घेतो.
आमचा नियम एकच, विचारायचं नाही.
दिसला तर नमस्कार. धरणात किती टक्के.
द्राक्षांना यंदा काय भाव.
'पुढचा' हा शब्द ओठांशी आला
तर भजी गिळावी तसा गरम गरम गिळायचा.

गेल्या पौषात, पारा नऊवर,
सकाळी गोदाकाठी तो समोरून आला. कानटोपी, मफलर.
आम्ही चौघं होतो.
नमस्कार झाला. धरण झालं. द्राक्षं झाली.
तो पुढे गेला, दहा पावलांवर थांबला,
वळून म्हणाला,
"ती कडी... डाव्या हाताला होती की उजव्या?"

"डाव्या!"
चौघंही एकदम, इतक्या मोठ्यानं
की पाण्यातले बगळे उठले.
"आणि गंजलेली," फिरदौस.
"वरच्या टोकालाच फक्त," निनाद.
सरांनी पान सांगितलं, ओळ सांगितली.

हिशेब जुळल्यासारखी त्यानं मान हलवली.
"डाव्या," स्वतःशीच म्हणाला,
आणि फेरी अर्धी टाकून
आल्या वाटेनं परत गेला. जरा झपाझप.

याचा अर्थ काय, यात पोटमाळ्यावर चार रविवार गेले.
सर म्हणतात, लिहितोय.
दोंदे म्हणतात, विसरलाय.
मी चहाचा कप धरून गप्प.

कारण त्याच संध्याकाळी मी पुस्तक उघडलं होतं.
पाठ असल्यामुळे ते पान
कित्येक वर्षं बघावं लागलंच नव्हतं.
सातशे बारा, खालून तिसरी ओळ:
तिनं कडीला हात लावला.
बस्स.
डावं नाही, उजवं नाही, गंज तर नाहीच.

चूक दिसली की शिक्का मारायचा, ही माझी नोकरी.
दिव्याखाली धरलं पान. उलटून पाहिलं.
मग चौघांचे चेहरे आठवले,
एकाच वेळी उघडलेली चार तोंडं, वाफ,
आणि त्याचं ते झपाझप जाणं.

अजून कुणाला सांगितलेलं नाही.
सातवा खंड येईल, नाही येईल.
आला तर कडी डाव्या हाताला असणार.