उलटे आटे

डाव्या चाकाचे नट उलट्या आट्यांचे असतात
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
अर्धा तास मी ते घट्टच करत होते,
पान्यावर उभी राहून, सगळं वजन टाकून.
दस्तगीरमामा स्टुलावरून बघत राहिले, चहा संपेपर्यंत.
मग म्हणाले, "आक्का, जुनी गाडी हाय ही.
डावीकडनं तिला उलटंच समजवावं लागतंय."

मामांचे गुडघे आता वाकत नाहीत.
म्हणून डोळे त्यांचे, हात माझे,
उद्यमनगरात, शिकलगारांच्या पत्र्याखाली.
शेजारच्या फौंड्रीतली काळी वाळू उडत येते,
बशीतल्या चहावर बसते.

ड्रम निघेना.
कडेनं डिझेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं,
सकाळी लाकडाचा ठोकळा धरून गोल गोल ठोकत गेले.
दुपारी कधीतरी तो एकदम हातात आला,
इतका एकदम, की मी मागं बसले धपकन.

आत पुराचा गाळ.
त्या वर्षी पंचगंगा गोठ्यात कमरेएवढी होती.
म्हशी काढल्या, पेंड काढली, जीप राहिली.
पाणी उतरल्यावर भिंती धुतल्या, भांडी उकळून घेतली,
चाकाच्या आत कोण बघतंय?
वाळक्या पापुद्र्यात तांदळाएवढा एक शिंपला,
आणि वरच्या स्प्रिंगला टेकून
कुंभारणीनं बांधलेलं घर. रिकामं.
माती नदीनं आयतीच आणून दिलेली,
दाराला मागच्या पत्र्याचं भोक.

मी फुंकर मारायला गेले, तर मामा ओरडले,
"फुकू नको! ती धूळ छातीत बसती.
आमच्या थोरल्याच्या बसली."
मग ओलं फडकं, मग स्पिरिट, मग जुना दात घासायचा ब्रश.
सिलिंडरचा पिस्टन गंजून मुका.
रबराच्या वाट्या फुगून चिंचोक्यासारख्या.
लायनर नवे रिव्हेट मारून आले,
ड्रमला लेथवर एक हलका हात दिला.
लेथवाल्या पोरानं आतून नख फिरवलं,
"बघा मावशी, कुठं अडत न्हाई."

जीप वडिलांची. वाटणीत ती कुणी मागितली नव्हती.
हक्कसोडपत्रावर मी सही केली नाही
म्हणून सर्जेरावानं बोलणं सोडलं,
आणि एका सकाळी ट्रॅक्टरला दोर बांधून
जीप माझ्या दारात आणून सोडली.
ट्रॅक्टरवरून खाली उतरलासुद्धा नाही.
त्याला सात वर्षं झाली.

पण ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात.
एक पेडलवर, एक चाकाशी.
मामांचे गुडघे तसले. लेथवाला पोरगा गावाला गेलेला.
मी फोन लावला. म्हटलं, "पाय पाहिजे तुझा, तासभर."
पलीकडं बराच वेळ नुसती उसाची ट्रॉली धडधडत होती.

आला. चप्पल बाहेर काढून बसला,
सीटच्या अगदी कडेला, वडील बसायचे तसा.

"दाब."
"दाबलं."
"धर."
निपल अर्धा फेर ढिली. नळी बाटलीत. बुडबुडे.
निपल आवळली.
"सोड."
"काय सोडू?"
मामांना चहाचा ठसका लागला.
"पेडल," मी गाडीखालून म्हटलं. "पेडल सोड."

तीन चाकं झाली. चौथ्याचे बुडबुडे संपले
तरी मी आणखी दोनदा म्हटलं, दाब.
त्यानं दोनदा दाबलं.

चाकं चढवताना पाना त्यानं घेतला.
डावीकडचे नट तो उलटीकडं फिरवत बसला, घाम येईतो.
माझा चहा अजून राहिला होता.

गल्लीत वीस फूट चालवून बघितली, पुढं विटा ठेवून.
थांबली. थोडी डावीकडं ओढते.
"ओढणारच," मामा म्हणाले.
"नवं लायनर बसायला वेळ घेतंय. शंभर किलोमीटर फिरवा, मग आणा."
सर्जेराव स्टेअरिंग सोडेना.
"बावड्याला जाऊन यायचं?"
"घाटात नको," मी म्हटलं, "सपाटीनं कुठंतरी."
तो म्हणाला, "सपाटीनं मग शेताकडंच."
मी दार ओढलं. पहिल्यांदा लागलं नाही.